देवीची सुई आणि आखाड्याची माती

अण्णा, काल तुमचं वाक्य माझ्या लेकाच्या तोंडून ऐकलं आणि हातातला घास हातातच राहिला. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. नात पुढ्यात मांडी घालून बसलेली. कुणा खेळाडूनं चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला, तशी पोरगी उठून नाचायला लागली. लेक म्हणाला, "ह्यानं चेंडू मारला म्हणून कुणाच्या घरची चूल पेटली गं?" तुम्हांला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तो तेव्हा चार वर्षांचा होता, तुमचा चेहरा त्याला फोटोपुरताच ठाऊक. मग हे वाक्य त्यानं उचललं कुठून? माझ्याकडूनच, दुसरं कुठून! तुम्ही पैलवानांबद्दल म्हणायचात, "त्यानं पाठ लावली म्हणून कुणाच्या घरची चूल पेटली?" आणि मी जन्मभर तुमची नक्कल करून घरादाराला हसवत आले. नक्कल राहिली बाजूला, पोरानं ते खरं मानलं. त्याला सुनवायचं तेवढं मी सुनवलं. पण उत्तर त्याला द्यायचंच नव्हतं मला, तुम्हांला द्यायचं होतं, पन्नास वर्षांपासूनचं. म्हणून आज दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय.

तुम्ही देवी टोचणारे. देवीचा रोग म्हणजे काय हे माझ्या नातीला सांगून कळत नाही. अंगभर फोड, डोळे जाणं, घरातलं एखादं मूल उचलून नेणं, हे सगळं तिला गोष्टीतलं वाटतं. तुम्ही मात्र भोरच्या घरी महिन्यातून दोनदा यायचात आणि बाकीचे दिवस वेल्ह्याच्या डोंगरात, खांद्याला कातडी पिशवी लावून, वाडीवाडीनं चालत. लोक 'देवी डॉक्टर' म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी थांबून सांगायचात, "डॉक्टर न्हाई बाबा, टोचणारा हाये." कुणी तुम्हांला फुकटचा मोठेपणा दिलेला तुम्हांला खपत नसे, आणि दुसऱ्या कुणाला दिलेला तर त्याहून खपत नसे. तमाशाचा तंबू पडला की तुमचा चेहरा आंबायचा. रेडिओ घरात होता, पण बातम्या संपल्या की कान पिरगळून बंद. वेल्ह्याच्या न्हाव्याच्या दुकानात त्या पैलवानाचा गदा खांद्यावर घेतलेला फोटो लावलेला होता, तर तुम्ही दाढी करायला पाठमोरे बसायचात. पाठमोरं बसून दाढी कशी करणार तो बिचारा? तुमच्याभोवती फिरत फिरत करायचा.

तो पैलवान कोण, हे तुम्हांला सांगायला नको. तोरण्याच्या अंगाच्या वरच्या वाडीतल्या धनगराचं पोर. लहानपणी मेंढरं राखली, मग कुणीतरी तालमीत नेऊन घातलं, आणि पंचविसाव्या वर्षी त्याचं नाव जिल्ह्याच्या पार पलीकडं गेलं. वाडीची माणसं बाजाराला वेल्ह्यात उतरायची तेव्हा आधी खाली मान घालून यायची आणि खाली मान घालून जायची. कुणी त्यांना नावानं हाक मारत नव्हतं. तो मोठा झाल्यावर तीच माणसं न्हाव्याच्या दुकानापुढं थांबायला लागली. "ह्यो आमच्या वाडीचा," असं दुकानदाराला सांगायची, आणि दुकानदार त्यांना बसा म्हणायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, अण्णा. चूल नसेल पेटली त्यानं. पण बसा म्हणायला लागले की नाही?

मी तेव्हा तेवीस वर्षांची. नर्सिंग करून नुकती वेल्ह्याच्या दवाखान्यात लागले होते आणि तुमची पेन्शन तीन वर्षांवर आली होती. बाप-लेक एकाच गावात नोकरीला, आई आमच्यासाठी भोरचं घर बंद करून वेल्ह्याला आलेली. बाजारामागं दोन खोल्या. जत्रेच्या आधीचा आठवडा तो. तुम्ही दुपारी वरून उतरलात ते अंगणातच बसलात. आई पाणी घेऊन आली, तुम्ही तांब्या हातात धरून म्हणालात, "वरच्या वाडीत देवी आल्यात. एक पोरगी हाये, सात वर्साची. फोड पिकलेत." मी विचारलं, बाकीच्यांना टोचलंत का? तुम्ही मान हलवलीत. सगळ्या वाडीनं दारं लावून घेतली होती. देवी घरात आलीय, तिच्या वाटेत लोखंड आणायचं नाही. पोरं कोकरं कोंडायच्या वाड्यात लपवून ठेवली होती. तुम्ही वाड्याच्या कुडाबाहेर उभं राहून दोन तास बोललात आणि आतून फक्त कोकरं ओरडत होती.

आणि पाच दिवसांवर पायथ्याच्या गावची जत्रा. डोंगरातली झाडून सगळी माणसं खाली उतरणार, एकमेकांना खेटून बसणार. तुम्ही पंचांकडं गेलात, जत्रा पुढं ढकला म्हणालात. ते म्हणाले, मग तर कोप आणखी वाढेल. तुम्ही घरी येऊन पिशवी भिंतीवर आदळलीत. त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या तोंडावर मी भीती पाहिली. ती पोरगी जगेल न जगेल, पण तिच्यामागं किती पोरं जातील, हा हिशेब तुमच्या डोक्यात चालला होता आणि तो तुम्ही मोठ्यानं सांगत नव्हतात.

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. म्हणाले, अण्णा, पैलवान जत्रेला येणार आहे. जत्रेतली शेवटची कुस्ती त्याची लावलीय. त्यालाच सगळ्यांदेखत टोचू. त्यानं दंड पुढं केला की वाडी आपण होऊन रांगेत येईल.

तुम्ही असं काही बघितलंत माझ्याकडं! "त्या दांडगटाच्या पाया पडू म्या? वीस वर्सं हे डोंगर पायाखाली घातलेत, लोकांनी माझं ऐकलं न्हाई आन त्याचं ऐकतील? त्यानं काय केलं ह्या लोकांसाठी? तेल चोळलं, बदाम खाल्लं, दुसऱ्याला आडवा पाडला. येवढंच ना?"

"येवढंच. पण ऐकतात त्याचं."

"आज सुईसाठी ऐकतील. उद्या त्यानं इषाची बाटली दाखवली तर तीबी पितील. असल्या ऐकण्याला काय चाटायचंय?"

माझी भाकरी तव्यावर करपली. आई मध्ये पडली, "पुरं की आता, पोरीवर का वरडताय?" तुम्ही चप्पल घालून बाहेर गेलात. मग आई माझ्याशेजारी बसली आणि जे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत ते तिनं सांगितलं. तुम्ही भोरला असताना आपल्या वस्तीतल्या तालमीत होतात. अठराव्या वर्षी त्याच जत्रेला, त्याच कुस्तीच्या मातीच्या हौदात, फेटा काढून उतरला होतात. जोड बघायला पंचांनी हात वर करायला लावला, तुम्ही केलात, आणि कुणीतरी ओळखलं की हा कुणाचा पोरगा आहे. तुम्हांला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणाली. सगळ्यांसमोर तुम्हांला बाहेर काढलं आणि तुमचा पाय पडला तेवढी हौदातली माती खोऱ्यानं उकरून बाहेर टाकली, तिथं नवी घातली, मग कुस्त्या सुरू झाल्या. तुम्ही कडेला उभे राहून ते पाहिलंत. घरी येऊन लंगोट चुलीत घातलात. नंतर देश बदलला, आपण धम्म घेतला, तुम्ही सरकारी नोकरीला लागलात. पण त्या गावात टोचायला जायचं झालं तर आखाड्याची वाट सोडून तुम्ही ओढ्याकडून फिरून जायचात. मला वाटायचं, तुम्हांला गर्दीचा तिटकारा आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तुम्हांला न सांगता एसटीत बसले. हमरस्त्याला गाडी बदलून सारोळ्याला गेले. पैलवान तिथं नीरेच्या काठाला एका ओळखीच्याच्या मळ्यात उतरला होता, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. मळ्याच्या बांधावर पन्नासएक माणसं नुसती बघत बसलेली. आत तो बैठका मारतोय आणि बाहेर ही माणसं मोजतायत. मी पदर खोचून सरळ आत गेले. नर्सच्या पांढऱ्या लुगड्याला लोक वाट देतात, हा त्या नोकरीचा एक फायदा.

त्याचा वस्ताद बाजेवर बसला होता, पांढऱ्या मिशांचा. मी सगळं सांगितलं. वाडीचं नाव घेतल्यावर पैलवान बैठक मारता मारता थांबला. "कुणाची पोरगी?" मी सांगितलं. तो मटकन खाली बसला, म्हणाला, "माझ्या चुलत्याची नात ती." वस्ताद मात्र हलला नाही. "बाई, जत्रेनंतर आठ दिवसांनी ह्याची मोठी कुस्ती हाये. सुई टोचल्यावर हात सुजतो का न्हाई?"

खोटं सांगता आलं असतं. मी तुमची लेक होते, जमलं नाही. म्हणाले, "आधी कधी टोचलं नसेल तर सातव्या-आठव्या दिवशी ताप येतो. दंड सुजतो."

"मग झालं की. उठा. आमी कुस्तीआधी अंगाला लोखंड लावू देत न्हाई."

मी उठले. रडूच यायचं बाकी होतं. पुलाजवळ एसटीची वाट बघत उभी राहिले तर मागून तो आला. एवढा आडदांड गडी, टॉवेल खांद्यावर, आणि चारी बाजूंना बघून, जवळ येऊन हळूच म्हणतो, "बाई, खरं सांगू? कुस्तीचं जाऊ द्या. मला सुईचंच लई भ्या वाटतं. कुणाला बोलू नका." मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. तोही हसला. आम्ही दोघं थोडं बोललो, गाडी आली, तो "बघू" म्हणाला. मी कुणाला बोलले नाही, अण्णा, आजपर्यंत. आता तोही नाही, म्हणून सांगते.

जत्रेचा दिवस. ऊन कलायला आलंय. हौदाभोवती माणूस माणसाला चिकटलंय, बाया वरच्या उतारावर पोरं मांडीवर घेऊन बसल्यात, वरच्या वाडीचे लोक पागोट्यांवरून ओळखू येतात. तुम्ही आखाड्याकडं पाठ करून चिंचेखाली टेबल मांडलंय, स्टोव्हवर सुया उकळताय, आणि सकाळपासून तुमच्याकडं एकही माणूस फिरकलेला नाही. हलगी वाजतेय. पैलवानाची कुस्ती लागली ती मला अजून दिसते. त्यानं त्या परगावच्या गड्याला चार-पाच मिनिटं नुसता फिरवला, आणि मग असा काही पाठीवर घेऊन टाकला की सगळा डोंगर एका दमात ओरडला. मीही ओरडले. माझ्या शेजारी एक धनगरीण होती, कधी बघितलेली नाही, तिनं मला मिठी मारली. वर्षभर लांडगा, पाऊस आणि सावकार ह्यांच्याकडून मार खाणारी माणसं ती. त्या घटकेला त्यांच्यातला एक जण जिंकला होता. तुम्ही पाठमोरे होतात. तुम्हांला ते दिसलं नाही, म्हणून सांगते.

लोक त्याला खांद्यावर उचलायला धावले. फेटा आला, हार आला. त्यानं दोन्ही हात वर केले. "थांबा! आधी सुई, मग मिरवणूक." कुणाला काही कळेना. तो म्हणाला, "वरच्या वाडीत माझ्या चुलत्याची नात तापानं पडलीया. तुमी पोरं कोकरांत लपवून ठिवलीत. म्या आज टोचून घेणार. ज्याला माझ्यामागं मिरवणुकीत यायचं त्यानं टोचून घ्यायचं. त्या दवाखान्याच्या बाई कुठं हायत?"

गर्दी माझ्याकडं वळली. मी तुमच्याकडं धावत आले. तुम्ही उभे राहून ऐकत होतात, हातात चिमटा तसाच. मी म्हणाले, "अण्णा, तुम्हीच चला. हौदात बाईमाणूस उतरत नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग हौदाकडं. मला वाटलं, नाही म्हणणार. मग तुम्ही सुयांची डबी उचललीत, लशीची कुपी खिशात घातलीत, पाण्याचा तांब्या घेतलात आणि चालू लागलात. हौदाच्या कडेला चपला काढल्यात. उतरलात. खाली वाकून चिमूटभर माती घेतलीत, कपाळाला लावलीत, आणि दुसरी चिमूट त्या पैलवानाच्या हातावर टाकलीत, जशी पैलवान सलामीला टाकतात. हे तुम्ही ठरवून केलं नव्हतं. हातानं आपसूक केलं. तीसच्या वर वर्षं हात विसरला नव्हता.

पैलवान बघतच राहिला. मग हसून म्हणाला, "आण्णा, कंच्या तालमीतलं तुमी?"

"भोरच्या."

"मग डाव जरा हळू टाका."

"गप उभा ऱ्हा," तुम्ही म्हणालात, आणि तांब्यातल्या पाण्यानं त्याचा दंड धुतलात, माती काढलीत, हातानं पुसलात. हौदाच्या कडेला मला रडू कोसळलं. का ते तेव्हा शेजारच्या धनगरणीला सांगता आलं नाही. तुम्ही टोचत होतात तेवढा वेळ त्यानं डोळे गच्च मिटले होते आणि तुमच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. हजार माणसांना त्याची छाती दिसली, मूठ फक्त मला दिसली.

पुढची गंमत तुम्हांला आठवतेच. रांग लागली खरी, चिंचेपासून थेट ओढ्यापर्यंत. पण पहिलाच म्हातारा दंड मागं घेऊन म्हणतो, "पैलवानाला टोचली तीच सुई पायजे." त्याच्या मागचाही तेच. त्याचं बळ सुईला लागलंय, ते आपल्या पोरात उतरेल, असा सगळ्यांचा हिशेब. तुम्ही समजावताय, दर माणसाला उकळलेली वेगळी सुई, नाहीतर दुसराच रोग होईल. ऐकायला कोण तयार? रांग मोडायला लागली. मी पुढं झाले आणि तोंड उघडलं, "होय, होय, तीच सुई आहे," असं म्हणणारच होते, तर तुम्ही माझा हात धरलात. इतका जोरात की दोन दिवस दुखत होता. "खोटं बोलून टोचलं तर उद्या कंच्या तोंडानं जाशील वाडीत?" पैलवान हार गळ्यात घेऊन हे सगळं ऐकत होता. तो आला, टेबलाशेजारी जमिनीवर फतकल मारून बसला, पहिल्या पोराचा दंड आपल्या हातात धरला आणि म्हणाला, "सुई दुसरी, हात माझा. टोचा आण्णा." झालं! दिवस मावळेपर्यंत तो तिथून उठला नाही. त्याची मिरवणूक निघालीच नाही. बाया हौदातली माती चिमटीत घेऊन येत होत्या, पोरांच्या टोचलेल्या दंडाला लावायला, आणि तुम्ही, बुद्धवंदनेशिवाय कशाला हात न जोडणारे तुम्ही, ओरडत होतात, "माती कपाळाला लावा गं बायांनो, दंडाला नको! कपाळाला लावा!" तीच माती, अण्णा. त्या वर्षी कुणी उकरून टाकली नाही.

ती पोरगी जगली. तोंडावर वण राहिले, पण जगली. तिच्यामागं वाडीत दुसरं कुणी पडलं नाही.

आठ दिवसांनी पैलवानाची मोठी कुस्ती झाली. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या एसटीनं वर्तमानपत्र आलं, मी दवाखान्यातून घरी आणलं. तुम्ही जेवायला बसला होतात. मी वाचून दाखवलं, पैलवान हरला, अंगात ताप असताना उतरला होता म्हणतात. तुम्ही घास ताटात ठेवलात. "माझ्या सुईनं हरला." मी तेव्हा तरुण होते, जिभेला हाड नव्हतं. म्हणाले, "असू द्या की. तो हरला म्हणून कुणाच्या घरची चूल विझली?"

तुम्ही म्हणालात, "आपल्या," आणि ताटावरून उठलात.

तरीही तुम्ही हार मानली नाहीत. पुढंही कुणी पैलवानाचं कौतुक केलं की तुमचं वाक्य ठरलेलं. पण न्हाव्याकडं तुम्ही सरळ तोंडानं बसायला लागलात, आणि दर वर्षी जत्रेच्या आधी आईला सहज विचारल्यासारखं विचारायचात, "औंदा कोण येतोय?"

काल लेकाला मी हेच सांगितलं. खेळाडूनं भाकरी दिली नाही, मान्य. पण माणसं ज्याच्यासाठी एकत्र ओरडतात, त्याच्या हाती ती आपला भरवसा देतात, आणि तो भरवसा खरा असतो. तुम्ही वीस वर्षं चालून जे दार उघडलं नाही ते त्यानं एका वाक्यात उघडलं. तो तुमच्यापेक्षा मोठा होता म्हणून नाही. तुम्ही त्या लोकांचे प्राण राखत होतात आणि त्यानं त्यांना आनंद दिला होता. माणूस आनंद देणाऱ्याचं आधी ऐकतो. तसाच आहे तो, त्याला तुम्ही किंवा मी काय करणार? लेक म्हणाला, "आणि आता हेच खेळाडू टीव्हीवर काय काय विकतात, ते?" तिथं मला तुमची विषाची बाटली आठवली. तेवढं तुमचं बरोबर होतं, तेवढं मी मोकळ्या मनानं देते. पण भरवसा कुणी नासवला तर नासवणाऱ्याला धरा. त्यापायी पोरीला टाळ्या वाजवू नको म्हणायचं काय कारण? मी नातीला म्हणाले, नाच गं तू.

आता एक राहिलं. सारोळ्याच्या पुलाजवळ आम्ही थोडं बोललो असं वर लिहिलंय, काय बोललो ते लिहिलं नाही. मी पैलवानाला विचारलं होतं, बाईमाणसाला हौदात येऊ देतील का. तो म्हणाला होता, "जिथं माझी कुस्ती तिथं कुणी यायचं ते म्या ठरवणार. या बिनघोर." आणि त्या दिवशी त्यानं हाक मारली तेव्हा पंचांनी मला वाट करून दिली होती. एका म्हाताऱ्या पंचानं तर आधाराला हात पुढं केला होता, "उतरा बाई," म्हणून. मला कुणी अडवलं नव्हतं, अण्णा. बाईमाणूस उतरत नाही, हे माझं होतं. सुईपायी खोटं बोलू दिलं नाहीत तुम्ही मला, पण त्याच्या आधीच मी हे एक बोलून बसले होते.

तुम्ही असतात तरी हे पत्र तुमच्या हाती दिलं नसतं. तुम्ही चिडला असतात त्याचं काही नाही, तुमचं चिडणं मला सवयीचं. पण तुम्हांला शेवटपर्यंत वाटत होतं की त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं म्हणून तुम्हांला उतरावं लागलं. ते तसंच वाटत राहू दे.